रानातल्या युद्धाच्या बखरी

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात १९६५ ते १९९० या पाव शतकात जी युद्धे झाली, त्यांच्याविषयी आठवणींची पुस्तके अमाप निघाली आहेत, आणि त्यांतला फार मोठा वाटा हरलेल्या बाजूच्या सैनिकांनी लिहिला आहे. ऱ्होडेशियाचे (म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचे) सेलू स्काउट्स आणि एसएएस, दक्षिण आफ्रिकेचे 'रेकी' कमांडो, ३२ बटालियन, नामिबियातले कूफूट हे पोलीस पथक, या साऱ्यांचे इतिहास आहेत, त्यांच्या अधिकाऱ्यांची आत्मकथने आहेत, आणि म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांच्या मुलाखतींची त्यात अजून भर पडते आहे. पुस्तके वेगवेगळी असली तरी सूर बहुधा एकच लागतो. आम्ही मोठी लढाई एकही हरलो नाही; मूठभर माणसांनी हजारोंना पळवून लावले; मग वाटाघाटीला बसलेल्या राजकारण्यांनी आणि परक्या सत्तांनी आमचा विजय विकून टाकला. हे इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितले गेले आहे की युद्धकथांची आवड असलेल्या वाचकाला, तो पुण्याचा असो वा प्रिटोरियाचा, ते सिद्धच झाल्यासारखे वाटते. मला ते पटत नाही. या आठवणी बारकाईने वाचल्या तर त्या स्वतःच हा दावा खोडून काढतात. जे काम या कमांडोंना सर्वांत उत्तम साधत होते, त्याच कामाने त्यांची बाजू हरत गेली, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांनीच लिहून ठेवला आहे.

बखर आणि अस्सल कागद यांचा वाद मराठी वाचकाला नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली, ती केवळ बखरींवर विसंबून इतिहास उभा राहत नाही या खात्रीने. बखरकार धन्याची बाजू मांडतो, आकडे फुगवतो, अडचणीचे प्रसंग गाळतो; पण समकालीन पत्रे हाती आली की त्याचे लिहिणे ताडून पाहता येते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या या युद्धांच्या बाबतीत नेमकी इथेच अडचण उभी राहते. ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने आणि लष्कराने १९८० च्या सत्तांतरापूर्वी कागदांचे ढीग जाळले, काही दक्षिणेकडे हलवले. दक्षिण आफ्रिकेत हेच अधिक पद्धतशीरपणे झाले. तिथल्या सत्य आणि समेट आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले आहे की राष्ट्रीय गुप्तचर सेवेने १९९३ साली सुमारे ४४ टन कागदपत्रे आणि मायक्रोफिल्म भट्टीत घालून नष्ट केल्या. म्हणजे ज्या बाजूने पत्रे जाळली, तिच्याच माणसांनी पुढे बखरी लिहिल्या. म्हणून या बखरी फेकून देता येत नाहीत आणि त्यांच्यावर विसंबताही येत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी करावी तशा त्या वाचाव्या लागतात.

ऱ्होडेशियाची हकिकत थोडक्यात अशी. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयान स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, ते बहुसंख्याकांच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून. गोऱ्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती, काळे लोक त्यांच्या वीसपट. तरीही १९३० च्या कायद्यापासून चालत आलेली आणि १९६९ च्या कायद्याने पक्की झालेली जमिनीची वाटणी अशी, की दोन्ही समाजांच्या वाट्याला जवळपास सारखेच क्षेत्र, प्रत्येकी सुमारे साडेचार कोटी एकर. या एका आकड्यात युद्धाचे कारण सामावलेले आहे. गंमत म्हणून नव्हे, खरोखरच्या कुतूहलाने यांतली चार-सहा आत्मकथने चाळली तर हत्यारांचे नमुने, हेलिकॉप्टरची उड्डाणे, माग काढण्याचे बारकावे सगळे सापडते. जमिनीचा हा हिशेब मात्र क्वचितच सापडतो. युद्ध जणू २१ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईशान्येकडच्या अल्टेना फार्मवर गनिमांनी गोळीबार केला तेव्हाच सुरू झाले, आणि त्याआधी तिथे काही घडलेच नव्हते.

त्यानंतरच्या वर्षी, १९७३ मध्ये, सेलू स्काउट्स ही तुकडी उभी राहिली. नाव एका प्रसिद्ध इंग्रज शिकाऱ्याचे, प्रमुख रॉन रीड-डेली, आणि जगासाठी सांगायचे काम माग काढण्याचे. खरे काम वेगळे होते. केनियात माऊ माऊ बंडाच्या वेळी ब्रिटिशांनी वापरलेली युक्ती त्यांनी पूर्णत्वाला नेली : शत्रूचे सोंग घेऊन शत्रूच्या मुलखात वावरायचे. पकडलेल्या गनिमाला फाशीची भीती आणि पगाराचे आमिष दाखवून फितवायचे, त्याच्याकडून ताज्या खाणाखुणा, पत्रांची भाषा, गाणी शिकून घ्यायची, आणि काळ्या सैनिकांची टोळी गनिमांच्या वेषात गावात पाठवायची. गोरे अधिकारी चेहरा काळा करून टेकडीवर लपून राहत आणि वायरलेसवरून हेलिकॉप्टर बोलावत. ज्या भागात असे सोंग चालू असे तो भाग इतर सैन्यासाठी बंद ठेवला जाई, नाहीतर आपल्याच माणसांच्या गोळीने मरण्याचा धोका. रीड-डेली यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात हे सगळे तपशीलवार येते. ऱ्होडेशियाच्या हद्दीत मारल्या गेलेल्या गनिमांपैकी ६८ टक्के या तुकडीच्या माहितीमुळे मारले गेले, असा आकडा तिच्या समर्थकांकडून नेहमी दिला जातो. तो मान्य करूनही पुढे विचार करता येतो. हे काम अतिशय अवघड होते, ते करणाऱ्यांचे धाडस असामान्य होते, यात मला शंका नाही.

पण हे काम जिथे चालत होते त्या गावाच्या बाजूने त्याच्याकडे पाहावे. झान्ला या मुख्य गनिमी सेनेचे सैनिक रात्री गावकऱ्यांना गोळा करून 'पुंगवे' भरवत. गाणी, भाषणे, पहाटेपर्यंत जागरण. मुलगे 'मुजिबा' म्हणून निरोप आणि पाळत यांचे काम करत, मुली 'चिंबविडो' म्हणून जेवण पोचवत. आता अशा गावात रात्री दार वाजते. बाहेरचे खरे गनीम आहेत की सोंगाडे, हे ओळखायचे कसे? जेवण द्यावे तर उद्या सरकारी शिक्षा, न द्यावे तर फितूर ठरून मरण. सोंगाडी टोळी एखाद्या निष्ठावंत माणसावर संशय येईल अशी तजवीज करी, आणि मग खरे गनीम त्यालाच फितूर म्हणून मारत. हे डावपेच आठवणींत कौशल्याचे नमुने म्हणून सांगितले जातात. त्या गावात त्यांचा अर्थ एकच होता : सरकारची कोणतीही व्यक्ती, कोणत्याही वेषात, कधीही विश्वासाची नाही. जोडीला सरकारने १९७३-७४ पासून लाखो लोकांना त्यांच्या वस्त्यांतून उठवून तारेच्या कुंपणाआडच्या 'संरक्षित गावां'त कोंबले. ऱ्होडेशियातल्या कॅथलिक न्याय व शांतता आयोगाने १९७५ मध्ये या गावांवर आणि चौकशीच्या नावाने होणाऱ्या मारहाणीवर अहवाल काढला, आणि त्याचे नावच दोन्ही बाजूंच्या मधे सापडलेल्या माणसावरून ठेवले. गुप्तचर खात्याचे प्रमुख केन फ्लॉवर यांनी तर १९८७ च्या आपल्या आठवणींत विषारी कपडे गनिमांपर्यंत पोचवल्याची कबुली दिली आहे. बंडाविरुद्धच्या लढाईत प्रजेचा विश्वास हीच जमीन असते असे या सैन्याचे अधिकारीच शिकले आणि शिकवत होते. ती जमीन त्यांच्या सर्वांत कुशल तुकडीनेच पायाखालून काढून घेतली.

सीमेपलीकडच्या हल्ल्यांचेही तेच. ९ ऑगस्ट १९७६ रोजी सेलू स्काउट्सचे चौऱ्याऐंशीच्या आसपास सैनिक मोझांबिकच्या सैन्याचे रंग दिलेल्या गाड्यांतून न्याद्झोन्याच्या छावणीत शिरले. सकाळची रांग भरली होती. हजाराहून अधिक माणसे मेली. हल्लेखोरांची हानी नगण्य. आठवणींत ही या तुकडीची सर्वांत मोठी कामगिरी मानली जाते, आणि छावणी लष्करी होती असा आग्रह धरला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे तिची नोंद निर्वासितांची छावणी म्हणून होती. तिथे लढण्यासाठी भरती झालेले तरुण होते तशीच घर सोडून आलेली कुटुंबेही होती. तो वाद क्षणभर बाजूला ठेवून फक्त तारखा पाहाव्यात. या हल्ल्याने दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर भडकले, कारण ते त्याच वेळी शेजारी देशांशी समझोत्याचा प्रयत्न करत होते. त्यांनी ऱ्होडेशियात दिलेली हेलिकॉप्टरची माणसे परत बोलावली आणि स्मिथवर दाब वाढवला. सप्टेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर प्रिटोरियात आले, आणि २४ सप्टेंबरला स्मिथ यांनी दोन वर्षांत बहुमताचे राज्य मान्य असल्याचे रेडिओवरून सांगितले. सर्वांत यशस्वी मानल्या गेलेल्या हल्ल्यानंतर सात आठवड्यांच्या आत युद्धाचा मूळ हेतूच सोडून द्यावा लागला. राजकारण्यांनी विजय विकला असे म्हणणाऱ्यांनी विकायला काय शिल्लक होते तेही सांगायला हवे. पुढच्या वर्षी चिमोयो आणि टेंबुए इथे त्याहून मोठे हल्ले झाले, आणि १९७९ पर्यंत देशात वावरणाऱ्या गनिमांची संख्या दहा हजारांच्या वर गेली.

फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीत खरा हिशेब झाला. गोऱ्या सैन्यातल्या अनेकांना स्मिथ यांच्याशी तडजोड केलेले काळे नेते बिशप मुझोरेवा जिंकतील असे मनापासून वाटत होते, आणि हे वाटणेच सर्वाधिक बोलके आहे. सात वर्षे गावोगावी सोंगे घेऊन फिरलेल्या, लोकांची गाणीसुद्धा पाठ असलेल्या सैन्याला लोक कुणाला मत देतील हे कळले नव्हते. ८० जागांपैकी झान्ला ज्याची सेना होती त्या मुगाबेंच्या पक्षाला ५७, न्कोमोंच्या पक्षाला २०, मुझोरेवांना ३. धाकदपटशा झाला, हे खरे आहे, आणि तो झान्लाच्या माणसांनी अनेक जिल्ह्यांत केला. पण धाकाने ३ विरुद्ध ७७ असा निकाल लागतो असे मानले, तर ज्या सरकारकडे विमाने, पोलीस आणि मुझोरेवांचे सशस्त्र सहायक होते त्याचा धाक का चालला नाही, याचे उत्तर द्यावे लागते.

दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असलेल्या नामिबियातला पुरावा याहूनही स्पष्ट आहे. १९७९ मध्ये हान्स ड्रायर यांनी उत्तरेकडच्या ओवांबोलँडमध्ये कूफूट उभे केले. ते पोलीस दल, पण ऱ्होडेशियाच्या अनुभवावरून घडवलेले. कॅस्पिर या सुरुंगरोधक गाड्या, पायी माग काढणारे ओवांबो जवान, आणि मारलेल्या माणसागणिक इनाम. मेलेल्यांची शरीरे गाडीच्या मडगार्डला बांधून गावातून नेली जात. माग काढण्याच्या कलेत त्यांची बरोबरी करणारे फार थोडे होते. १ एप्रिल १९८९ रोजी, शस्त्रसंधी लागू होण्याच्या दिवशीच, नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापोचे सैनिक अंगोलातून सीमा ओलांडून आले. त्या वेळी तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद होते, पण त्यांची बहुतेक माणसे अजून पोचायची होती. संयुक्त राष्ट्रांच्या संमतीने दक्षिण आफ्रिकेच्या दलांना बराकींबाहेर पडू दिले गेले आणि पुढच्या काही दिवसांत स्वापोचे तीनशेहून अधिक सैनिक मारले गेले. लष्करी अर्थाने हा स्वापोचा दारुण पराभव होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदान झाले. स्वापोला देशभरात ५७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, आणि ओवांबोलँडमध्ये, म्हणजे जिथे कूफूटने दहा वर्षे राज्य केले त्या प्रदेशात, नव्वद टक्क्यांहून अधिक.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की सैनिकाला राजकारणाचा जाब विचारणे अन्यायाचे आहे. त्याने आज्ञा पाळली, जे पाहिले ते लिहिले. सामान्य शिपायाबाबत मी हे मान्य करतो. सक्तीच्या भरतीत ओढल्या गेलेल्या अठरा-वीस वर्षांच्या हजारो गोऱ्या मुलांना कुणी काही विचारले नव्हते. पण कमांडो तुकड्या स्वेच्छेच्या होत्या, आणि त्यांचे अधिकारी धोरण आखण्यात सामील होते. शिवाय 'राजकारण्यांनी घात केला' हे विधान करताच लेखक साक्षीदार राहत नाही, तो निवाडा देतो. मग निवाड्याला पुरावा मागण्याचा हक्क वाचकाला मिळतो. आतून वेगळे लिहिणारेही निघाले, हे विसरता कामा नये. ब्रूस मूर-किंग हे ऱ्होडेशियाच्या घोडेस्वार तुकडीतले. त्यांनी १९८८ मध्ये आपल्या तुकडीने केलेले अत्याचार आणि आपल्याला शिकवलेले खोटे यांवर पुस्तक लिहिले, आणि ते हरारेतच प्रसिद्ध झाले. आज्ञा पाळलेला माणूस प्रश्न विचारू शकतो, हे त्यांनी दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सेलू स्काउट्समध्ये, ३२ बटालियनमध्ये आणि कूफूटमध्ये बहुसंख्य सैनिक काळे होते. मग हे वंशवादाचे युद्ध कसे? ही गोष्ट खरी आहे आणि तिची दखल न घेणारा इतिहास अपुरा आहे. फक्त तिचा शेवटही सांगायला हवा. ३२ बटालियन यान ब्रेटेनबाख यांनी १९७५ नंतर अंगोलातल्या पराभूत एफएनएलए या संघटनेच्या सैनिकांतून घडवली. परक्या देशासाठी, परक्या भाषेच्या हुकमाखाली त्यांनी दीड दशक लढून काढले. १९९३ मध्ये बटालियन मोडली गेली आणि कुटुंबे पोमफ्रेट नावाच्या जुन्या ॲस्बेस्टॉस खाणीच्या गावात राहिली. २००४ साली इक्वेटोरियल गिनीत उठाव करायला निघालेले विमान हरारेत पकडले गेले, तेव्हा त्यातल्या भाडोत्री सैनिकांत पोमफ्रेटचे कितीतरी जण होते. दक्षिण आफ्रिकेसाठी माग काढणारे खुंग आणि ख्वे लोक १९९० मध्ये किंबर्लीजवळच्या श्मिट्सड्रिफ्ट इथे आणले गेले आणि वर्षानुवर्षे लष्करी तंबूंत राहिले. ज्यांच्या पायांवर आणि डोळ्यांवर या तुकड्यांची सारी कीर्ती उभी होती, त्यांची ही गत झाली. कूफूटचे एक काळे सैनिक सिसिंगी कामोंगो यांच्या आठवणी २०११ मध्ये आल्या. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पुस्तकांनी भरलेल्या फळीवर अशी पुस्तके फारच थोडी आहेत. काळे सैनिक का लढले, याची उत्तरे पगार, सक्ती, भीती, गनिमांकडून झालेला त्रास अशी नाना प्रकारची आहेत. त्यांच्या संख्येचा आधार देऊन जमिनीचा आणि मताधिकाराचा मूळ प्रश्न पुसता येत नाही.

दुसऱ्या बाजूनेही क्रौर्य झाले, हा तिसरा आक्षेप. झाले, आणि तेही लिहिलेच पाहिजे. ३ सप्टेंबर १९७८ रोजी न्कोमोंच्या पक्षाच्या झिप्रा सेनेने ऱ्होडेशियाचे प्रवासी विमान पाडले आणि वाचलेल्यांपैकी दहा जणांना जमिनीवर गोळ्या घातल्या. स्वापोने अंगोलातल्या लुबांगो इथे आपल्याच शेकडो कार्यकर्त्यांना हेर ठरवून कोंडले, छळले. स्वतंत्र झिम्बाब्वेत मुगाबेंच्या पाचव्या ब्रिगेडने माटाबेलेलँडमध्ये १९८३ पासून हजारो नागरिक मारले. ते उघड करणारा १९९७ चा मुख्य अहवालही त्याच कॅथलिक आयोगाने तयार केला, ज्याने स्मिथच्या राजवटीतला छळ नोंदवला होता. दोन्ही राजवटींना नकोसा झालेला हा साक्षीदार मला कमांडोंच्या आणि विजेत्यांच्या बखरींपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

कासिंगाच्या प्रकरणात ही कसोटी लावून पाहता येते. ४ मे १९७८ रोजी ब्रेटेनबाख यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेच्या छत्रीधारी सैनिकांनी अंगोलात अडीचशे किलोमीटर आत असलेल्या या स्वापोच्या वसाहतीवर उडी घेतली. सहाशेहून अधिक माणसे मेली, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने. नामिबियात हा दिवस राष्ट्रीय सुट्टीचा आहे. ब्रेटेनबाख यांनी २००८ मध्ये त्यावर सविस्तर पुस्तक लिहून ते लष्करी ठाणे असल्याचे मांडले. तिथे स्वापोच्या सैन्याचा प्रमुख राहत होता, खंदक आणि विमानविरोधी तोफा होत्या, हे मान्य करायला हवे. तिथे निर्वासित कुटुंबे होती हेही तितकेच खरे, आणि सत्य आयोगाने या हल्ल्याला मानवी हक्कांचा गंभीर भंग ठरवले. मात्र याच ब्रेटेनबाखांनी १९९७ च्या एका पुस्तकात आपल्याच लष्कराच्या आशीर्वादाने अंगोलातून हस्तिदंत आणि गेंड्याची शिंगे कशी बाहेर जात, हे उघडपणे लिहिले. न्यायमूर्ती कुम्लेबेन यांच्या चौकशी आयोगानेही १९९६ मध्ये लष्कराचा त्यातला हात मान्य केला होता. माणूस आपल्या पराक्रमाविषयी लिहितो तेव्हा सावध राहावे, आणि आपल्या संस्थेविरुद्ध लिहितो तेव्हा कान द्यावा, हा नियम इथे चांगला लागू पडतो.

या युद्धाचा एक भाग आत्मकथनांत जवळजवळ येतच नाही, आणि त्याचा धागा गोव्यापर्यंत पोचतो. बार्देशात जन्मलेले आकीनो द ब्रागांसा मोझांबिकच्या फ्रेलिमो चळवळीचे विचारवंत आणि मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार झाले. मापुतोतल्या विद्यापीठातल्या आफ्रिकन अभ्यास केंद्राचे ते संचालक होते. १७ ऑगस्ट १९८२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सुरक्षा पोलिसांनी पाठवलेला टपाल बॉम्ब तिथे फुटला, त्यात संशोधक रूथ फर्स्ट ठार झाल्या आणि ब्रागांसा जखमी झाले. चार वर्षांनी माशेल यांच्यासोबत विमान अपघातात त्यांचाही अंत झाला. रूथ फर्स्ट यांच्या हत्येची कबुली देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला २००० साली माफी मिळाली. गावातल्या सोंगापासून विद्यापीठातल्या पाकिटापर्यंत युद्ध एकच होते. रानातल्या शौर्याची पुस्तके ते तुकड्यातुकड्यांत कापून सांगतात.

आज या आठवणींचे वाचक आफ्रिकेपुरते राहिलेले नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांची हत्या करणारा तरुण ऱ्होडेशियाचा झेंडा छातीवर लावून छायाचित्रे काढत होता, आणि तो जन्मला त्याआधीच तो देश नकाशावरून गेला होता. हरलेल्या युद्धाची शुद्ध, निष्कलंक आठवण कुठवर पोचते हे त्यावरून दिसते. म्हणून युद्धकथा वाचणाऱ्या मराठी वाचकाला माझी विनंती आहे. रीड-डेली वाचा, ब्रेटेनबाख वाचा. डावपेचांचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे मिळणार नाही. फक्त शेजारी कॅथलिक आयोगाचे १९७५ आणि १९९७ चे अहवाल, मूर-किंग आणि कामोंगो ठेवा, आणि पुस्तकात ज्या ज्या ठिकाणी गाव नुसते पार्श्वभूमी म्हणून येते तिथे थांबून त्या गावाने पुढे मत कुणाला दिले ते शोधा.